युरोपातली ख्रिसमस मार्केट्स: कधी यावं, कुठे जावं, आई-बाबांना कसं फिरवावं

रानजाई
नमस्कार मंडळी. गेल्या डिसेंबरात आई-बाबा नाशिकहून आमच्याकडे आले होते, आम्ही जर्मनीत न्यूर्नबर्गजवळ राहतो, सात वर्षं झाली. त्यांचे फोटो बघून तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं की आम्हालाही ख्रिसमस मार्केट बघायचंय, कधी येऊ, किती दिवस लागतील, कुठली शहरं धरू. प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच लिहिण्यापेक्षा इथे एकदा सगळं लिहून ठेवते, म्हणजे बाकीच्या शहरांतले लोकही भर घालतील.

सगळ्यात आधी तारीख, कारण बहुतेकांची चूक इथेच होते. ही मार्केट्स ख्रिसमसच्या आधीच्या चार आठवड्यांची असतात. त्या चार रविवारांना अ‍ॅडव्हेंट म्हणतात, घरोघरी टेबलावर चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं असतं आणि दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत जातात. मार्केट म्हणजे त्या वाट बघण्याचाच भाग. आमच्या इथलं मार्केट पहिल्या अ‍ॅडव्हेंटच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला उघडतं आणि २४ डिसेंबरला दुपारी २ वाजता संपतं. मग लोक घरी जातात, दुकानं बंद, आणि २५-२६ ला गावात शुकशुकाट असतो. आपल्याकडे पाडव्याला लक्ष्मी रोडवर आकाशकंदील शोधत कोणी फिरेल का? तसंच आहे हे. तर २४ च्या आत या, शक्यतो डिसेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, आणि सोमवार ते गुरुवार. शनिवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते.

न्यूर्नबर्गचं मार्केट हाउप्टमार्क्ट नावाच्या चौकात भरतं, फ्राउएनकिर्ख या चर्चच्या समोर. सुमारे १८० स्टॉल, सगळे लाकडी, वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. याचा सगळ्यात जुना पुरावा १६२८ चा आहे, एका लाकडी डबीवर लिहिलेला मजकूर, ती डबी इथल्या म्युझियममध्ये आहे. उद्घाटनाला क्रिस्टकिंड म्हणजे सोनेरी झगा आणि मुकुट घातलेली एक मुलगी चर्चच्या गच्चीवर येते आणि कविता म्हणते, तेव्हा खालचा सगळा चौक अंधारात गप्प उभा असतो. ही मुलगी १६ ते १९ वयाची, न्यूर्नबर्गचीच, दर दोन वर्षांनी निवडतात. २०१९ मध्ये बेनिग्ना मुन्शी निवडून आली होती, तिचे वडील मूळचे भारतातले. तेव्हा तिच्या दिसण्यावरून एका राजकीय पक्षाच्या स्थानिक शाखेने घाणेरडी पोस्ट टाकली होती, आणि सगळं शहर तिच्या बाजूने उभं राहिलं. मी त्या वर्षी चौकात होते. ती गच्चीवर आली तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं, आजही ते आठवलं की भरून येतं.

आता आई-बाबांचं. बाबांचं नाशकात चाळीस वर्षं किराणा-मसाल्याचं दुकान होतं. इथे लेबकूखन म्हणून मसालेदार जाड बिस्किटासारखा प्रकार मिळतो, खाली पातळ पापडी असते आणि वर बदाम, अक्रोड, हेझलनट वाटून. त्यातला सगळ्यात चांगला एलिझेन लेबकूखन, त्यात सुका मेवा किमान २५ टक्के लागतो आणि पीठ १० टक्क्यांहून जास्त चालत नाही, असा नियमच आहे. बाबांनी तुकडा तोडला, तोंडात न घालता आधी नाकाशी धरला आणि म्हणाले, "दालचिनी, लवंग, वेलदोडा... आणि हे बघ, जायपत्री आहे यात. धने पण." स्टॉलवाल्या आजींना मी जर्मनमध्ये सांगितलं की हे मसाल्याचे व्यापारी आहेत, तर त्यांनी आतून मसाल्याची बरणीच काढून बाबांसमोर धरली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, पण दहा मिनिटं त्या बरणीवर बोलणं चाललं होतं!

आणि हे काही उगाच नाही. न्यूर्नबर्ग मसाल्याच्या व्यापारावरच मोठं झालेलं शहर, व्हेनिसमार्गे आपल्या मलबारकडचा माल इथे यायचा, आणि मध आजूबाजूच्या जंगलातून. १५०५ मध्ये पोर्तुगीजांचा जो जहाजांचा काफिला त्यांचा व्हाइसरॉय अल्मेडा याच्याबरोबर भारताकडे निघाला त्यात इथल्या इमहोफ आणि हिर्शफोगेल या व्यापारी घराण्यांचे पैसे गुंतलेले होते. बाबांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, म्हणजे आपलाच माल आहे हा.

खाणं, थंडी, खर्च याबद्दल विचारा, लिहिते. एकदम सगळं लिहिलं तर फार लांबेल.

अबोली_८१
फार सुंदर लिहिलंयस रानजाई. मसाल्याच्या बरणीचा प्रसंग वाचून माझे आजोबा आठवले. वाचनखूण साठवली आहे.

शेकोटी
धागा अगदी वेळेवर आला ताई. आम्ही ठाण्याचे, मी, नवरा, दोन मुलं (११ आणि ७) आणि सासूबाई (६९). मुलांना सुट्टी २४ डिसेंबरपासून लागते म्हणून आम्ही २४ रात्री निघून २५ ला म्युनिकला पोचायचं ठरवत होतो, मग न्यूर्नबर्ग, स्ट्रासबर्ग, कोलोन. तिकीट अजून काढलेलं नाही. तुझं वाचून पोटात गोळा आलाय, म्हणजे काहीच बघायला मिळणार नाही का? आणि सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही.

सह्यकडा
@शेकोटी, तिकीट काढलं नाहीये हे फार बरं झालं. आम्ही तीन वर्षांपूर्वी नेमकं हेच केलं होतं, एका टूर कंपनीने "ख्रिसमस इन युरोप" म्हणून विकलं, २५ ला कोलोनला पोचलो तर कॅथेड्रलसमोर स्टॉल उतरवायचं काम चाललेलं. स्ट्रासबर्गला तर बसमधून उतरून परत बसमध्ये, दीड तास दिला, त्यातला अर्धा तास टॉयलेट शोधण्यात. पैसे गेल्याचं नाही वाटत, आई किती आशेने आली होती त्याचं वाईट वाटतं.

रानजाई
@शेकोटी, घाबरू नकोस, मार्ग आहेत.

पहिला मार्ग, मुलांची शाळा आठवडाभर बुडव आणि १३-१४ ला ये. शाळेशी आधी बोलून बघ. माझ्या मते हाच बरा.

दुसरा, सुट्टीतच यायचं असेल तर जर्मनी सोड आणि प्राग-व्हिएन्ना कर. प्रागचं ओल्ड टाउन स्क्वेअरमधलं मार्केट ६ जानेवारीपर्यंत असतं, आणि व्हिएन्नात शोनब्रून राजवाड्यासमोरचं मार्केट ख्रिसमसनंतरही चालू राहतं, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. दोन्ही शहरांमध्ये ट्रेन साधारण चार तास. फक्त व्हिएन्नाचं टाउन हॉलसमोरचं जे सगळ्यात प्रसिद्ध मार्केट आहे ते मात्र २६ ला संपतं, त्या फोटोंवर जाऊ नकोस. नक्की तारखा दर वर्षी शहराच्या साइटवर येतात, तिथे बघूनच हॉटेल बुक कर.

आणि कुठेही गेलात तरी दोनच शहरं. सासूबाई ६९ च्या, दुपारी चार-सव्वाचारला अंधार पडतो, रोज बॅगा भरायच्या आणि ट्रेन पकडायची यात कोणालाच काही दिसत नाही. एका ठिकाणी चार रात्री राहा. पहिल्या दिवशी मार्केट नुसतं बघितलं जातं, तिसऱ्या दिवशी स्टॉलवाला ओळखायला लागतो, मजा तिथे सुरू होते.

मुचकुंद
ड्रेस्डेनहून. चार वर्षं झाली, पीएचडी चालू आहे. इथल्या मार्केटचं नाव श्ट्रिट्झेलमार्क्ट, सुरुवात १४३४ ची, तेव्हा एका दिवसाचा मांसबाजार होता. श्ट्रिट्झेल म्हणजे श्टोलनचं जुनं नाव. श्टोलन म्हणजे मनुका, बदाम, लिंबा-संत्र्याची साखरेत मुरवलेली सालं घातलेला ब्रेड, वर पिठीसाखरेचा जाड थर.

याची एक गोष्ट आपल्या लोकांना फार जवळची वाटेल. अ‍ॅडव्हेंटचा काळ पूर्वी उपवासाचा असायचा आणि उपवासाला लोणी चालत नसे. त्यामुळे श्टोलन नुसतं पीठ-पाणी-तेलाचं, अगदी बेचव. इथल्या राजघराण्याने पोपकडे अर्ज केला की आमच्याकडे तेल महाग आहे आणि चांगलंही मिळत नाही, लोणी चालू द्या. १४९१ मध्ये परवानगी आली, त्या पत्राला आजही लोण्याचं पत्रच म्हणतात. उपवासाला काय चालतं आणि काय नाही यावर आपल्या घरात जेवढी चर्चा होते तेवढीच इथेही झालेली आहे :)

दुसऱ्या अ‍ॅडव्हेंटच्या आदल्या शनिवारी श्टोलनचा उत्सव असतो, तीन-चार टनांचा एक श्टोलन घोडागाडीतून मिरवत आणतात आणि मग कापून विकतात. मी लाइनमध्ये उभं राहून घेतलेला आहे.

खरेदी करायची तर इथेच करा. जवळचा एर्ट्सगेबिर्ग डोंगराळ भाग खाणींचा, चांदी-कथील संपत गेलं तसे खाणकामगार लाकूडकामाकडे वळले. धूर सोडणारे लाकडी बुवे (पोटात उदबत्तीची छोटी शंकू ठेवायची, तोंडातून धूर येतो), अक्रोडफोडे शिपाई, खिडकीत ठेवायच्या दिव्यांच्या कमानी, हे सगळं तिथलं. झाइफेन नावाचं गाव तर खेळण्यांचंच आहे. महाग असतात, पण तळाशी कारागिराचा शिक्का बघून घ्या, स्वस्तात मिळणारे बरेचदा बाहेरून आलेले असतात.

वसईची_लेक
मुचकुंद, ते कागदी मोठे तारे पण तिकडचेच ना? आमच्याकडे वसईत नाताळात प्रत्येक दारात तारा असतो, बाबा अजूनही बांबूच्या कामट्यांचा घरी बांधतात, खळ लावून कागद चिकटवतात, आणि अंगणात पेंढ्याचा गोठा. मी गेल्या वर्षी व्हिएन्नात तसे तारे बघितले आणि मला एकदम घरी गेल्यासारखं झालं.

मुचकुंद
@वसईची_लेक, हो, हेर्नहूट गावाचे तारे, ड्रेस्डेनपासून फार लांब नाही ते. दोनशे वर्षांपूर्वी तिथल्या ख्रिस्ती पंथाच्या एका बोर्डिंग शाळेत गणिताच्या तासाला मुलांना भूमिती समजावी म्हणून पहिला तारा बनवला गेला. त्याला २५ टोकं असतात, १७ चौकोनी बुडाची आणि ८ त्रिकोणी. किट आणून घरी जोडायचा. मी पहिल्यांदा जोडला तेव्हा संपूर्ण संध्याकाळ गेली, पण आता दिवाळीलाच आकाशकंदील म्हणून लावतो आणि जानेवारीपर्यंत काढत नाही.

तुमच्या बाबांचा तारा बांधतानाचा फोटो टाका ना इथे.

वसईची_लेक
नक्की टाकते. ते नोव्हेंबरअखेर बसतात बांधायला.

अजून एक सांगावंसं वाटतं. युरोपातली मार्केट्स सुंदर आहेतच, पण आमच्या मुलांना मी हेही सांगते की आपल्याकडचा नाताळ घराघरातून चालतो. आठवडाभर आधी सगळ्या बायका एकत्र बसून करंज्या करतात, ताटं भरून शेजारी वाटतात, त्यात हिंदू शेजारी पण आले. व्हिएन्नात सगळं विकत मिळत होतं आणि छानच होतं, पण ताट घेऊन दार वाजवणारं कोणी नव्हतं. तिथल्या एका मराठी मैत्रिणीच्या घरी मी नेवऱ्या करून नेल्या तेव्हा कुठे मला नाताळ वाटला.

अबोली_८१
वसईची_लेक, +१. करंजीचा डबा बघितला की सण आला.

शेकोटी
सगळ्यांचे खूप आभार. नवऱ्याला धागा वाचायला दिलाय. तो म्हणतो शाळेशी बोलू. आता खाण्याचं सांगा ना कोणीतरी, आणि थंडीचं. मुलं बर्फ बर्फ करतायत.

रानजाई
बर्फाचं वचन मुलांना देऊ नकोस. डिसेंबरात बहुतेक दिवस शून्य ते पाच डिग्री, आणि पाऊस किंवा ओलसर धुकं. बर्फ पडला तर नशीब. थंडी खालून लागते, दगडी फरशीवर दोन तास उभं राहिलं की तळपाय गारठतात. जाड जॅकेटवर सगळा खर्च करू नका, जाड सोलचे एक नंबर मोठे बूट घ्या आणि आत लोकरीचे मोजे. आईला मी पहिल्या दिवशी तिच्या स्पोर्ट्स शूजमध्ये नेलं आणि तासाभरात तिची बोटं बधिर झाली, एका कॅफेत बसवून पाय चोळले. दुसऱ्या दिवशी आधी बूट, मग मार्केट. फरशी खडबडीत आहे, गुडघे दुखत असतील तर काठी आणा.

शाकाहाराचं नीट वाचा. मिळतं, पण विचारून घ्यावं लागतं.

भाजलेले चेस्टनट, साखरेत घोळवलेले गरम बदाम, जॅम किंवा साखर लावलेला पाव, हे निर्धास्त. बटाट्याचे तळलेले थालीपीठ म्हणा, त्याला इथे राइबेकूखन किंवा कार्टोफेलपुफर म्हणतात, बरोबर सफरचंदाचा गोड गर देतात, चव फार छान, पण पिठात बहुतेक वेळा अंडं असतं. फ्लामकूखन म्हणजे पातळ कुरकुरीत पोळीवर मलई आणि कांदा, त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे असतातच, "ओने श्पेक" म्हणजे त्याशिवाय असं सांगायचं. लांगोश हा हंगेरियन प्रकार, मोठ्या भटुऱ्यासारखा, वर लसूण आणि चीज, मुलांना आवडेल. चीज स्पेट्झले म्हणजे चीज घातलेल्या जाड शेवयांसारखा प्रकार, त्यात अंडं. लेबकूखनमध्येही अंडं असतं म्हणून माझ्या आईने नुसता वास घेतला, खाल्ला नाही. तळायला प्राण्यांची चरबी वापरतात का हेही विचारा, लोक खरं सांगतात.

न्यूर्नबर्गची खासियत म्हणजे बोटाएवढे सॉसेज, ७ ते ९ सेंटिमीटरच, एका पावात तीन घालून देतात, "द्राय इम वेक्ला". मांसाहारी असाल तर चुकवू नका.

ग्लूवाइन म्हणजे दालचिनी, लवंग, संत्र्याची साल घालून गरम केलेली रेड वाइन. उकळू देत नाहीत, नाहीतर अल्कोहोल उडून जातं. इथे ब्लूबेरीची पण मिळते. मुलांना आणि सासूबाईंना किंडरपुन्श घे, फळांच्या रसाचा, बिनदारूचा, त्याच मगमध्ये देतात. मगचं डिपॉझिट वेगळं घेतात, मग परत केला की पैसे परत. डिझाइन दर वर्षी बदलतं, म्हणून लोक जमवतात. आईने स्वतःचा मग परत करायला साफ नकार दिला. दोन्ही हातांनी तो धरून ती चर्चकडे बघत उभी होती, मग कधीच रिकामा झाला होता तरी. आता नाशकात सकाळचा चहा ती त्यातच घेते.

सुटे पैसे जवळ ठेव, बऱ्याच स्टॉलवर कार्ड चालत नाही आणि टॉयलेटला नाणं लागतं.

खारवड
स्ट्रासबर्गबद्दल. आम्ही जर्मन हद्दीवर केल गावात राहतो. स्ट्रासबर्गचं मार्केट १५७० पासूनचं, फ्रान्समधलं सगळ्यात जुनं, कॅथेड्रलभोवती आणि ब्रोग्ली चौकात पसरलेलं, आणि क्लेबर चौकात तीसेक मीटरचं झाड. डिसेंबरात तिथली हॉटेलं परवडत नाहीत, म्हणून केलमध्ये राहा, २०१७ पासून "डी" मार्गाची ट्राम ऱ्हाइन नदी ओलांडून थेट शहरात जाते. तिथून कोलमारला ट्रेनने अर्धा तास, गाव अगदी चित्रातलं.

सुरक्षेबद्दल कोणी विचारलं नाही तरी सांगतो. २०१६ मध्ये बर्लिनला, २०१८ मध्ये स्ट्रासबर्गला आणि २०२४ मध्ये माग्डेबुर्गला हल्ले झाले, माणसं गेली. त्यामुळे आता रस्त्यांवर काँक्रीटचे अडथळे, बॅगा तपासणी, पोलीस सगळीकडे दिसतात. मुलांना आधी सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाहीत. मोठ्या बॅगा नेऊ नका. आणि मुलांच्या खिशात हॉटेलचा पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवा, गर्दीत हात सुटतो.

सह्यकडा
खारवड यांचा खिशातल्या चिठ्ठीचा मुद्दा महत्त्वाचा. पंढरपूरच्या वारीत आजी आमच्या सदऱ्याला चिठ्ठी टाचायची.

अबोली_८१
रानजाई, छोट्या गावांतली मार्केट्स कशी असतात? ऐकलंय की एकाच वीकेंडला असतात.

रानजाई
@अबोली, अगं तीच खरी बघायला हवीत! आमच्या गावात दुसऱ्या अ‍ॅडव्हेंटला फक्त शनिवार-रविवार असतं, पंधरा-वीस टेबलं. फायर ब्रिगेडवाले सॉसेज भाजतात, शाळेच्या मुलांचे पालक वाफल करतात, चर्चमधल्या बायका विणलेले मोजे विकतात, आणि पैसे शाळेला किंवा बालवाडीला जातात. गावातले बँडवाले कुडकुडत ट्रंपेट वाजवतात. गेल्या वर्षी मी आणि शेजारीण मिळून चहाचा स्टॉल लावला होता, आलं-वेलदोडा घालून, आईच्या हातचा. एकशे दहा कप गेले. म्हातारे जर्मन आजोबा दोन-दोनदा येऊन "नोख आइनेन, बिटे", म्हणजे अजून एक द्या, म्हणत होते आणि आई त्यांना मराठीतच "घ्या हो, घ्या" म्हणून भरून देत होती.

एक वस्तू आवर्जून घ्या, न्यूर्नबर्गचा त्स्वेचगनमेनले, सुक्या प्लमचा माणूस. तारेवर ओवलेले सुके प्लम म्हणजे हातपाय, पोटाला अंजीर, डोक्याला अक्रोड आणि त्यावर ब्रशने काढलेलं तोंड. हा घरात असेल तर पैसा आणि सुख संपत नाही अशी इथली म्हण आहे. बाबांनी दुकानदार आणि त्याच्या तराजूचा जोड घेतला. खायचा नाही, काचेच्या कपाटात ठेवा, ओलाव्याने मुंग्या लागतात, नाशकात लागल्या होत्या, मग तांदळाच्या डब्यात ठेवून वाळवला.

शेकोटी
अपडेट द्यायला आले. शाळेने सहा दिवसांची परवानगी दिली, मोठ्याला परत आल्यावर वर्गात मार्केटबद्दल बोलायला सांगितलंय. १२ ला निघतोय, न्यूर्नबर्गला पाच रात्री आणि ड्रेस्डेनला तीन, बाकी सगळं काढून टाकलं. व्हिसाची अपॉइंटमेंट मिळाली आहे. सासूबाईंचे बूट घेतले, घरात घालून चालायची प्रॅक्टिस चालू आहे.

रानजाई ताई, एकच प्रश्न. सासूबाई विचारतायत की त्या लेबकूखनवाल्या आजींसाठी इथून काय आणू? त्यांनी तुझा किस्सा दोनदा वाचून घेतला माझ्याकडून.

रानजाई
अगं किती गोड! त्यांना सांग, मूठभर जायपत्री आणा, अख्खी, लाल-केशरी रंगाची, कोकणातली मिळाली तर फारच छान. आजींचा स्टॉल चर्चकडे तोंड केलं की डाव्या हाताला दुसऱ्या रांगेत असतो. सकाळी अकराच्या आत चला, तेव्हा गर्दी नसते. मी सुट्टी टाकते, बरोबर येईन.